पेढ्यांची परतफेड

खोकं दारातून आत आलं आणि दारच अडलं. जपानात, सेंदाईतल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात शिरल्याबरोबर बूट काढायला जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढी जागा होती, ती सगळी खोक्याने घेतली. जयंती एका बाजूला, आणि उंबऱ्यापलीकडे कुरामोची-सान आणि ओगाता-सान, अशी त्या खोक्यावरून माना उंचावून बोलणी सुरू झाली.

"आत या ना. चहा टाकते," जयंती म्हणाली.

"नाही, नाही, दारातूनच बरं," कुरामोची-सान म्हणाल्या. चौसष्ट वर्षांच्या, बारीक अंगाच्या, शनिवारच्या सकाळीसुद्धा गळ्याशी मोत्याची पिन लावून आलेल्या. "त्या दिवशी तुम्ही स्वतः येऊन गेलात, तो गोड पदार्थ देऊन गेलात. आम्हा सगळ्यांना फार भरून आलं. हे अकरा जणींकडून राधिका-सानसाठी. पुढच्या वर्षी उपयोगी पडेल."

ओगाता-सान टपाल खात्यात नोकरी करून मुलींच्या आइस हॉकी संघाला फुकट शिकवणारा माणूस. तो फक्त पुनःपुन्हा वाकला. जयंतीही वाकली. आभाराचे शब्द एकोणतीस वर्षांच्या सवयीने आपोआप बाहेर पडले. दार लागलं, जिन्यावरची पावलं उतरत गेली, आणि मग तिच्या डोक्यात ते दोन शब्द पोचले. पुढच्या वर्षी.

"काय आलंय? फ्रीज?" आतून शिरीषने विचारलं.

शिरीष विद्यापीठात धातूंवर काम करायचा. कुठला धातू किती ताण सोसून कुठे तडकेल हे सांगणं हा त्याचा पोटापाण्याचा उद्योग, त्यामुळे घरातल्या तड्यांबद्दल तो सहसा बोलत नसे. दोघांनी मिळून खोकं उघडलं. आत गोलकीपरने पायांना बांधायचे दोन पॅड होते. पांढरेशुभ्र, कडेला संघाची निळी पट्टी, प्रत्येक जवळजवळ जयंतीच्या कंबरेएवढा. आतल्या पट्ट्यावर जपानी अक्षरांत राधिकाचं नाव शिवलेलं होतं. छापलेलं नव्हे, शिवलेलं.

"हे परत जाणार नाही," शिरीष म्हणाला.

"अहो, पण ती एप्रिलमध्ये तोक्योला चाललीय, तोयोसुच्या नोकरीवर."

"मला माहितीय. तुलाही माहितीय. यांना कोणी सांगितलंय का?"

जयंतीने पट्टा पुन्हा सरळ केला. झालं होतं ते तिच्यामुळेच, आणि खोकं उघडताना तिला ते हळूहळू कळत चाललं होतं.

राधिका त्यांची एकुलती एक. बावीस वर्षांची, सेंदाईतच जन्मलेली, इथल्याच विद्यापीठात चौथ्या वर्षाला. मुलींच्या आइस हॉकी संघाची गोलकीपर. हा संघ विद्यापीठांच्या स्पर्धेत दुसऱ्या श्रेणीत खेळायचा. पहिली श्रेणी म्हणजे उत्तरेकडची आणि तोक्योची मोठी विद्यापीठं. तिथल्या मुली तीन वर्षांच्या असल्यापासून बर्फावर, यांच्यातल्या निम्म्या विद्यापीठात आल्यावर पहिल्यांदा स्केट घातलेल्या. शहरात रिंक एकच. संध्याकाळ फिगर स्केटिंगवाल्यांची, रविवार लहान मुलांचा, मुलगेही आधीपासून वाट बघत बसलेले. मुलींच्या वाट्याला आठवड्यातून तीन पहाटा, साडेपाच ते पावणेसात. जयंती त्या तिन्ही पहाटे आल्याचा चहा मोठ्या थर्मासमध्ये भरून न्यायची. हेल्मेट काढलेल्या मुलींच्या डोक्यांतून वाफा निघत, आणि त्या दोन्ही हातांनी कप धरून रांगेत उभ्या राहत.

अशा त्या संघाने जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी पहिल्या श्रेणीत जाण्याचा पात्रता सामना जिंकला. राधिकाने गोलवर आलेले एकोणचाळीस पक, त्या टणक रबरी चकत्या, अडवले. शेवटचा तिने मांडीवर घेतला, तिथे पॅड नव्हता. आठ दिवस तिथे वांग्याच्या रंगाचा डाग होता.

त्या आनंदात जयंतीने पेढे केले.

तिच्या लहानपणी, साताऱ्यात, घरात कोणी पास झालं की वडील आळीतल्या घरोघर पेढे पाठवायचे. ज्यांच्याशी बोलणं बंद होतं त्यांच्याकडे आधी. जयंतीच्या हातात ताट, ताटावर क्रोशाचा रुमाल, आणि दारात उभं राहून म्हणायचं वाक्य ठरलेलं: बाबांनी पेढे दिलेत. त्या वयात तिला वाटायचं, पास होतात ते या ताटासाठीच. सोमवारी तिने दुधाच्या पावडरचा खवा करून, वेलची आणि थोडं केशर घालून दीडशे पेढे वळले, छोट्या डब्यांत भरले, आणि बसने, सबवेने, पायी फिरून संघाच्या अकरा जुन्या खेळाडूंच्या घरी स्वतः पोचवले. यांतल्या सगळ्यात ज्येष्ठ कुरामोची-सान. संघ त्यांनीच चव्वेचाळीस वर्षांपूर्वी सुरू केला होता.

या अकरा जणींची बैठक गुरुवारी व्हायची होती. जिंकलेल्या संघाने वर जायचं की नाही ते त्या बैठकीत ठरणार होतं. जयंतीला बैठक माहीत होती. आणि हेही माहीत होतं की या देशात काही मागायचं असलं की माणूस बैठकीच्या आधी गोड पदार्थाचा डबा घेऊन दारोदार जातो, काहीच मागत नाही, हवापाण्याच्या गोष्टी करतो आणि निघून येतो. एकोणतीस वर्षांत तिने स्वतः हे कितीदा केलं होतं. शिरीषची नोकरी कायम व्हायच्या आधी केलं होतं. तरी त्या सोमवारी तिच्या मनात ते आलंच नाही. त्या दिवशी ती साताऱ्यात होती.

राधिका सरावाहून आली ती सायकलचं कुलूप दातात धरून. दार उघडताच खोक्याला अडखळली.

"नानी कोरे, हे काय," ती म्हणाली, आणि मग पॅड दिसले. वाकून तिने आतला पट्टा उलटा करून बघितला. बराच वेळ त्या नावावर अंगठा फिरवत राहिली.

"चांगले आहेत," ती शेवटी म्हणाली. "खूपच चांगले आहेत, आई."

"तू ओगाता-सानना सांगितलं नाहीस? नोकरीचं?"

"सांगितलंय. जूनमध्येच सांगितलं. ते ओमेदेतो म्हणाले, अभिनंदन."

"मग?"

"मग गुरुवारी क्लबच्या खोलीत पुढच्या वर्षीची यादी लागली. पहिल्या श्रेणीची. गोलकीपर दोन लागतात, तो रूल आहे. पहिलं नाव माझं, दुसरं मियूचं."

मियू पहिल्या वर्षाची. गेल्या एप्रिलपर्यंत तिने बर्फ फक्त सरबतात बघितला होता. सरावाला ती अजून कठड्याला धरून वळायची.

"पण तू पास होऊन बाहेर पडणार. तू कशी खेळशील?"

राधिकाने बापाकडे बघितलं. शिरीषने चष्मा काढून पुसायला घेतला.

"प्रबंध दिला नाही तर ती पास होत नाही," तो म्हणाला. "एक वर्ष राहते. साथीच्या वर्षी रिंकच बंद होतं, त्यामुळे हिला खेळायला मिळणाऱ्या चार मोसमांतला एक शिल्लक आहे. यांनी सगळं मोजलंय."

"कोणी म्हटलं तुला, देऊ नको म्हणून?"

"कोणी काही नाही म्हटलं, आई." राधिका बूट काढायला खोक्यावरच बसली. "तेच तर ना. ज्युनियर मुली फक्त म्हणतात, सेनपाई, पॅड बघितलेत का? ओगाता-सान म्हणतात, पुढच्या वर्षी पहाटेची चौथी वेळ मिळेल, बोलणं चाललंय. कोणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर नाही म्हटलं असतं."

प्रबंध द्यायचा शेवटचा दिवस पुढचा शुक्रवार, संध्याकाळी पाच.

त्या आठवड्यात घर फार शांत होतं. खोक्याचा पुठ्ठा न्यायचा दिवस बुधवार. जयंतीने तो दोरीने बांधून खाली नेऊन ठेवला, पण पॅड तिथेच भिंतीला टेकून राहिले. येता-जाता आडवं होऊन सरकावं लागे. राधिकाचा प्रबंध नऊ दशांश झाला होता, शेवटचं प्रकरण आणि आकृत्या उरल्या होत्या. सोमवारी तिने दोन पानं लिहिली. मंगळवारी एक. बुधवारी दुपारी जयंतीने दार लोटून पाहिलं तर लॅपटॉप बंद, आणि पोरगी पॅड बांधून पलंगाच्या कडेला बसलेली. गुडघे आत वळवून, पाय फाकवून, समोरच्या कपाटाकडे बघत. पक येण्याची वाट बघतात तशी.

"बरोबर बसतात?" जयंतीने विचारलं.

"अगदी बरोबर," राधिका म्हणाली. आवाजात रडू नव्हतं, तेच जयंतीला भ्यायला पुरलं.

तो आवाज तिच्या ओळखीचा होता. शिरीषबरोबर ती इथे आली ती दोन वर्षांसाठी. पुण्याच्या शाळेत गणित शिकवायची, बिनपगारी रजा घेऊन आली होती. मुख्याध्यापिकाबाईंनी कपाटाची किल्लीसुद्धा तिच्याकडेच ठेवली होती, येशील तेव्हा उघड म्हणून. दोन वर्षं भरायला महिना उरला असताना शिरीषच्या प्रोफेसरांची बायको भाताचा नवा कुकर घेऊन दारात उभी राहिली. पुढच्या वर्षी उपयोगी पडेल, असंच म्हणाली होती. तेव्हा जयंतीला कळलं की राहायचं ठरलंय. तिला कोणी विचारलं नव्हतं, म्हणून ती कोणाला नाही म्हणू शकली नाही. शिरीषलाही बहुधा कोणी विचारलं नसावं. कपाटाची किल्ली तिने पोस्टाने परत पाठवली, त्या पाकिटावर तिकिटं लावताना तिला किती वेळ लागला होता ते तिला आजही आठवतं. कुकर अजून चालतो. बंद पडला असता तर निदान टाकून देता आला असता.

गुरुवारी सकाळी ती निघाली. कुरामोची-सानचं चहाच्या पानांचं दुकान छपराच्या बाजारपेठेत होतं. जयंतीने हातात काहीही घेतलं नाही. इथे आल्यापासून ती कोणाच्या दारात रिकाम्या हाताने गेली नव्हती, त्यामुळे बसमध्ये सारखं वाटत राहिलं की काहीतरी विसरलंय.

कुरामोची-सानने पहिल्यांदा तिच्या हातांकडेच बघितलं. मग आतल्या खोलीत नेलं, चहा दिला. भिंतीवर एक जुना फोटो होता. नऊ मुली, गोठलेल्या तळ्यावर. मधल्या मुलीच्या पायांना गादीचे तुकडे सुतळीने बांधलेले.

"ही मी," कुरामोची-सान म्हणाल्या. "आईची गादी होती. आईने महिनाभर बोलणं टाकलं होतं."

जयंतीने चहाचा घोट घेतला. हवेबद्दल बोलायची वेळ होती, ती तिने जाऊ दिली.

"कुरामोची-सान, ते पेढे. ते मागायला आणले नव्हते मी."

"म्हणजे?"

"आमच्याकडे चांगलं झालं की वाटतात. झाल्यावर. पुढचं काही नसतं त्यात. माझे वडील तर ज्यांच्याशी भांडण त्यांनाही पाठवायचे, त्यांच्याकडून काय मागणार ते?"

कुरामोची-सानने कप खाली ठेवला. 

"गुरुवारच्या त्या बैठकीत मी विरोध करणार होते," त्या म्हणाल्या. "लिहून नेलं होतं. अकरा वर्षांपूर्वी आपण असेच वर गेलो होतो. एक मोसम. सगळे सामने हरलो, एक तर एकोणीस शून्य. दोघींची हाडं मोडली. वसंतात नव्या मुली आल्याच नाहीत, जुन्या गेल्या. पुन्हा संघ उभा राहायला चार वर्षं लागली. पंधरा खेळाडू लागतात तिथे, आपल्याकडे तेरा. बर्फ आठवड्यातून पाच दिवस लागतो, आपल्याकडे तीन, आणि रिंकचं यंत्र माझ्यापेक्षा जरासंच तरुण. हे सगळं लिहून नेलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"आई स्वतः आली होती ना डबा घेऊन. अकराही घरी. परकी बाई, थंडीत, पायी. आम्हाला वाटलं, या घराने ठरवलंय, मुलीचं वर्ष द्यायचं ठरवलंय. मग आम्ही कुठल्या तोंडाने यंत्र जुनं म्हणणार? मीच सगळ्यांच्या घरी फिरून त्यांना तयार केलं." त्यांनी हात तोंडावर नेला. हसू होतं की दुसरं काही, ते जयंतीला कळलं नाही. "आमच्यातल्या हिरोसे-सानला तर मी दोन तास समजावत होते. ती सारखी म्हणत होती, वेड लागलंय का तुला."

"ओगाता-सानना तरी हवंय ना?"

"ओगाता-सानच्या बायकोने त्याला विचारलंय, घर की रिंक. पण त्याला वाटतं मला हवंय."

 कोणालाच नको असलेली गोष्ट इतक्या माणसांनी इतक्या कष्टाने उभी केली होती, आणि तिच्या तळाशी एक दूध पावडरचा पेढा होता.

"मग आता थांबवा," जयंती म्हणाली.

"मी कशी थांबवू? दहा जणींना हो म्हणायला लावलंय मी. सोमवारी वर जायला होकाराचा कागद जाईल." कुरामोची-सान तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "कोणीतरी नाही म्हटलं तर गोष्ट वेगळी. बाहेरच्या कोणी."

बाहेरची म्हणजे जयंतीच. या शहरात तिची अर्धी हयात गेली होती. इथे नाही म्हणायची वेळ आली की ती इतरांसारखीच मान कलती करायची, 'जरा अवघड...' एवढं म्हणून वाक्य हवेत सोडून द्यायची, आणि समोरचा ते उचलून घ्यायचा. वाक्य पुरं करणारी बाई कशी दिसते ते तिने कधी पाहिलं नव्हतं. आणि जी पुरं करेल तिच्या माथी हे सगळं बसणार, तेरा मुलींचा जिंकलेला सामना, अकरा जणींचा शब्द, हेही तिला स्वच्छ दिसत होतं. पहाटेच्या चहाच्या रांगेतले चेहरे दिसत होते.

"राधिका राहणार नाही," ती म्हणाली. "उद्या प्रबंध देणार आणि एप्रिलमध्ये जाणार. आमच्या घराचं उत्तर 'नाही' आहे."

कुरामोची-सान खूप खोल वाकल्या. इतक्या वेळ, की जयंतीला त्यांच्या भांगातली पांढरी रेघ मोजता आली असती.

"एक करा," जयंती म्हणाली. "तिला विचारा. तुम्ही स्वतः. कोणी विचारलंच नाही तिला."

घरी येऊन तिने सांगितलं तेव्हा राधिका भडकली. "तू माझ्याऐवजी बोलून आलीस? मी काय के.जी.त आहे? उद्या मी त्या खोलीत कशी जाऊ?" मग बराच वेळ जपानीत बडबडली, जयंतीला सगळं कळत होतं, पण न कळल्यासारखी ती डाळ निवडत राहिली. डाळ निवडलेलीच येते इथे.

सहा वाजता राधिकाचा फोन वाजला. ती गॅलरीत गेली, दार लावून घेतलं. काचेतून तिची पाठ दिसत होती. आधी ती ताठ उभी होती. मग कपाळ कठड्याला लागेल इतकी वाकली, फोनवरच, आणि तशीच राहिली. आत आली तेव्हा नाक लाल होतं.

"विचारलं," ती म्हणाली. "राधिका-सान, पुढच्या वर्षी राहाल का, असं. सरळ."

"मग?"

"मी नाही म्हटलं." ती खाली बसली आणि मोठ्याने रडली, लहानपणी रडायची तशी, तोंड उघडं टाकून. शिरीषने खोलीतून डोकं बाहेर काढलं आणि परत आत घेतलं. मग तिने तोंड धुतलं, लॅपटॉप उघडला, म्हणाली, "आई, भात इथेच आणून दे."

शुक्रवारी पाचला वीस कमी असताना प्रबंध दिला गेला. सोमवारचा कागद गेला नाही. वरची जागा दुसऱ्या क्रमांकाच्या विद्यापीठाला मिळाली, आणि मुली दुसऱ्या श्रेणीतच राहिल्या. जयंती पुढच्या पहाटे थर्मास घेऊन गेली तेव्हा सगळ्या जणी नेहमीसारख्याच वाकल्या, नेहमीसारखाच कप दोन्ही हातांनी धरला. फक्त रांगेत कोणी बोललं नाही, आणि थर्मास पहिल्यांदाच अर्धा भरलेला परत आला. मियूने मात्र दुसरा कप मागून घेतला.

पॅड परत न्यायचा जयंतीने एकदा प्रयत्न केला. कुरामोची-सान म्हणाल्या, दिलेलं परत कसं घेणार, आणि नाव शिवलेलं आहे. मियूला ते फार मोठे होते, पार मांडीच्या वरपर्यंत येत होते. तोयोसुच्या खोलीत राधिकाच मुश्किलीने मावत होती. तेव्हा पॅड दारातच राहिले, आणि मार्चअखेरीला राधिका गेल्यावर घरात तिच्या मापाचं तेवढंच काही उभं होतं. संध्याकाळी दिवा लावायच्या आधी जयंती दोनदा फसली.

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी घंटा वाजली. दारात कुरामोची-सान आणि ओगाता-सान. कुरामोची-सानच्या हातात कापडात बांधलेला एक छोटा चौकोनी डबा.

"चेरी यंदा लवकर फुलली," कुरामोची-सान म्हणाल्या.

"हो, लवकरच," जयंती म्हणाली. तिची नजर डब्यावर होती. डबा आधी आला होता, म्हणजे मागणं नंतर येणार होतं.

यावेळी ते आत आले, चहा प्यायले, तोयोसुची चौकशी केली. मग ओगाता-सानने गळा साफ केला. दुसऱ्या श्रेणीतही आता नियम कडक झालेत. घड्याळ सांभाळायला प्रत्येक संघाचं एक माणूस लागतं, सामन्याला आणि सरावालाही. विद्यार्थी पुरत नाहीत. पूर्वी पालक करायचे. अर्थात हे फक्त मनात आलं म्हणून. एकच वर्ष.

आतल्या खोलीत शिरीष मुद्दाम खोकला.

कसं म्हणायचं ते आता जयंतीला माहीत होतं. एकदा म्हटलं होतं, वाक्य पुरं केलं होतं, आभाळ कोसळलं नव्हतं. तिने तोंड उघडलं. समोर ओगाता-सानने मान खाली घातली होती, त्याच्या कोटाचं वरचं बटण वेगळ्याच रंगाच्या दोऱ्याने लावलेलं होतं, बायकोने लावलं नव्हतं हे दिसतच होतं. कुरामोची-सान डब्याची गाठ सोडत होत्या.

"हो," असं जयंतीच्या कानावर आलं, तिच्याच आवाजात.

ते गेल्यावर शिरीष बाहेर आला. "किती वर्षं?"

"एकच म्हणालेत."

"आपण दोनसाठी आलो होतो," तो म्हणाला, आणि डब्यातली एक वडी तोंडात टाकली.

घड्याळवाल्याची जागा म्हणजे बर्फाच्या कडेला काचेमागचं एक लाकडी बाक. खालच्या फळीत चार बोटांची फट, तिच्यातून गारवा थेट गुडघ्यांवर येतो. पहिल्या आठवड्यात जयंतीने दोन पायमोजे घालून बघितले. दुसऱ्या आठवड्यात तिने दारातले पॅड उचलले, पहिल्या बसने रिंकवर नेले आणि फटीला आतून उभे लावले. अगदी बरोबर बसले. साडेपाच वाजता तिने बटण दाबलं, आणि समोर मियू कठडा सोडून, पाय थरथरत, गोलाकडे निघाली.